खालचा ओढा, वरचा ओढा : निफाडमधल्या स्फुरदाच्या नोंदी

11 एप्रिल

आज ओढा पायी उतरले. माथ्यावरच्या पाझर तलावापासून निघाले ती थेट कादवेच्या काठापर्यंत. सकाळी सातला सुरुवात, पोचायला साडेदहा. ओढ्याला नाव नाही. वरच्या वस्तीवर त्याला खालचा ओढा म्हणतात आणि खालच्या वस्तीवर वरचा ओढा. वहीत मी नुसतं 'ओढा' लिहिणार.

सध्या कोरडा आहे. दोन डोहांत तेवढं पाणी, एकावर हिरवी साय, दुसरा जलपर्णीनं पूर्ण झाकलेला. पावसाळ्यात हे पाणी कादवेत जातं, कादवा गोदावरीला मिळते आणि दोघींचं पाणी नांदूर मध्यमेश्वरला अडतं. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलेला तो महाराष्ट्रातला पहिला पाणथळ; घोषणा 2020 ची. पक्षी बघायला माणसं लांबून येतात आणि जलपर्णी बघून हळहळतात. ती कशावर पोसते (पाण्यातल्या स्फुरदावर, म्हणजे फॉस्फरसवर) याची चर्चा आमच्या गटाच्या बैठकीत फार टिकत नाही. कोणीतरी "नाशिकचं गटार" म्हणतं, सगळे मान डोलावतात, चहा येतो. शहराच्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, त्यात वाद नाही. पण या ओढ्यावर शहर नाहीच. द्राक्षबागा आहेत, कांदा, टोमॅटो, तीन पोल्ट्री शेड आणि पंधरा-वीस घरं. म्हणून तर हा निवडला.

पाण्याच्या सत्तर बाटल्यांतलं स्फुरद तपासण्यापुरते पैसे गटाकडे आहेत. त्यातच पावसाळा काढायचा.

16 एप्रिल

द्राक्षाच्या खरड छाटण्या (काडी तयार करायची उन्हाळी छाटणी) जोरात. तात्यांच्या थॉमसन द्राक्षाच्या प्लॉटवर बेसल डोस (छाटणीच्या वेळचं मातीतलं खत) चालू होता. बोदाच्या (वेलींच्या ओळीखालच्या उंचवट्याच्या) कडेनं चर काढलेली, त्यात शेणखत, कोंबडखत, डीएपी, सुपर फॉस्फेट, वरून माती. बांधावरच्या रिकाम्या पिशव्या मोजल्या. एकरी दोन डीएपी, तीन सुपर.

तिथंच पिशवीवर बसून हिशेब मांडला. डीएपी 18:46 (18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद) म्हणजे 50 किलोच्या पिशवीत 23 किलो स्फुरद, पण हे खतवाल्यांच्या भाषेतलं, पी-टू-ओ-फाइव्हचं, म्हणजे फॉस्फरसच्या ऑक्साइडचं. निव्वळ फॉस्फरस त्याच्या 0.44 पट, म्हणजे पिशवीमागे 10 किलो. सुपरच्या पिशवीत 16 टक्क्यांच्या हिशेबानं निव्वळ साडेतीन. झाले एकरी तीस किलो, आणि यात कोंबडखत धरलेलंच नाही. आता जातं किती? द्राक्षाच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 20 मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. एकरी दहा टन माल गाडीत चढला तर त्याच्याबरोबर गेला दोन किलो. काड्या बांधाबाहेर टाकल्या तर वर थोडा आणखी.

तात्यांनी दोनदा बेरीज तपासली. "मग बाकीचं कुठं गेलं?"

"तुमच्याच मातीत आहे."

"मग चांगलंच की. बँकेत ठेवल्यासारखं."

"तात्या, तुमची बँक उतारावर आहे."

हसले, पण तिसरी सुपरची पिशवी फोडलीच. गेल्या वर्षी माल चांगला निघाला तो याच डोसवर, आणि पीककर्ज डोक्यावर असताना चालत आलेलं गणित कोण मोडणार? मी त्यांच्या जागी असते तर मीही मोडलं नसतं बहुतेक.

(यापुढे वहीत स्फुरद म्हणजे निव्वळ फॉस्फरस. नाहीतर माझाच गोंधळ होईल.)

4 मे

अकरा प्लॉटमधून माती घेतली. नेहमीचा नमुना 30 सेंटिमीटरपर्यंतचा, आणि त्याशिवाय वरच्या 5 सेंटिमीटरचा वेगळा. मजूर बायकांना या दुसऱ्या पिशवीचं कोडं पडलं. पण पावसाचं वाहतं पाणी भिडतं ते वरच्याच थराला. फेकून दिलेलं खत, गळालेला पाला, कोंबडखताची भुकटी सगळं तिथंच साठतं. मूळ खाली काय खातं हे 30 सेंटिमीटरच्या नमुन्यात कळतं, ओढ्यात काय जाणार हे या वरच्या पापुद्र्यात.

काळ्या रानाला हातभर भेगा पडल्यात. एका भेगेत काठी घातली, निम्मी आत गेली. पहिल्या पावसाचं पाणी यातून थेट खाली उतरतं, मातीला स्फुरद धरून ठेवायला वेळच मिळत नाही. स्फुरद नायट्रेटसारखं पाझरत नाही, मातीला चिकटतं, असं कॉलेजात शिकलो होतो. भेगांचं कोणी सांगितलं नव्हतं.

23 मे

मातीचे रिपोर्ट आले. आपल्याकडच्या प्रतवारीत हेक्टरी 35 किलोच्या वर उपलब्ध स्फुरद म्हणजे 'अत्यंत जास्त'. बागांचे बहुतेक नमुने त्याच रकान्यात, आणि वरचा पापुद्रा दर ठिकाणी खालच्यापेक्षा भारी. एका नव्या प्लॉटमध्ये मात्र कमी निघालं; तिथं खत घालायलाच हवं.

तात्यांनी लगेच गेल्या हंगामातला देठाचा रिपोर्ट (पानाच्या देठाची तपासणी, वेलीनं किती घेतलं ते सांगणारी) पुढे केला. "बघ, स्फुरद कमी." दोन्ही खरे आहेत. आमची माती चुनखडीची. टाकलेलं स्फुरद कॅल्शियम धरून बसतं, त्यामुळे मातीत भरपूर असून मुळाला सावकाश मिळतं. त्यावर आणखी टाकलं तर तेही धरलं जातं, आणि वर जस्ताची ओढाताण सुरू होते, कारण स्फुरद वाढलं की वेलीला जस्त कमी पडतं. तात्या दर वर्षी जस्ताच्या फवारण्या घेतात. त्या कशासाठी, ते आज पहिल्यांदा दोघांनी मिळून शोधलं.

27 मे

बारा बाटल्या फुकट गेल्या. वहिनींनी मायेनं त्या धुण्याच्या पावडरीनं घासून, उन्हात वाळवून, रांगेत मांडून ठेवल्या होत्या. त्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं, आणि आम्ही शोधतोय ते लिटरमागे मिलिग्रॅमच्या दशांशात. वहिनींना सांगायला जिवावर आलं. आता त्या बाटल्यांत डाळी भरल्यात. नव्या बाटल्या पातळ हायड्रोक्लोरिक आम्लानं धुवून, शुद्ध पाण्यानं तीनदा विसळून घेतल्या.

8 जून

पहिला पाऊस हुकला. रात्री पावणेदोनला आला, मी झोपलेली. सकाळी ओढ्यात पाणी उतरलेलं, काठाच्या गवतावर चिखलाची रेघ कंबरेएवढी. वर्षभराचं साठलेलं बरंचसं या पहिल्या लोंढ्यात जातं, आणि नेमका तोच नाही. दिवसभर कोणाशी नीट बोलले नाही.

13 जून

मिळाला. दुपारी चारला अंधारून आलं. पाच ठिकाणी पाच जण उभे केले होते, प्रत्येकाकडे चार बाटल्या, घड्याळ आणि गढूळपणा मोजायची नळी (पारदर्शक नळी, तळाला काळी फुली, फुली दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतायचं). माझी जागा रस्त्याच्या मोरीखाली, भाचा पोल्ट्रीच्या वर.

पाण्याला मोरीपर्यंत यायला वीस मिनिटं लागली. आधी काडीकचरा, मग तांबूस फेस, मग चहात जास्त दूध पडल्यासारखं घट्ट पाणी. नळीत 4 सेंटिमीटरलाच फुली गेली. बागांच्या दोन ओळींमधून, जिथं ट्रॅक्टर फिरून रान सिमेंटसारखं झालंय, तिथून पाणी सरळ रेषेत येत होतं. सोडलेल्या पाटासारखं.

पाऊस ओसरल्यावर भाचा म्हणाला, "आत्या, इथं बघ." पोल्ट्रीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या अगदी काठावर, उकिरड्यासारखा कोंबडखताचा ढीग. दोन ट्रॉल्या असेल. त्याच्या बुडातून बोटभर धार निघत होती. पाणी काळपट तांबडं, बिनदुधाच्या कोऱ्या चहासारखं, पण स्वच्छ. नळीत फुली शेवटपर्यंत दिसत होती. वासानं डोळ्यांत पाणी आलं. त्याचीही बाटली भरली. भाच्याला वाटलं उगाच वाया घालवतेय, एवढंसं तर पाणी.

ढीग अण्णांचा. माझ्या सख्ख्या चुलत्यांचा.

14 जून

सकाळी अण्णांकडे गेले. चहा झाला, पावसाचं झालं, कांद्याच्या भावाचं झालं. मग ढीग काढला.

"पोरी, खत आहे ते, विष नाही."

मान्य. म्हणूनच हिशेब दाखवला. शेणखतात शेकडा 0.2 च्या आसपास पी-टू-ओ-फाइव्ह असतं, कोंबडखतात अडीचच्या पुढे. तीन टनांची एक ट्रॉली म्हणजे साडेतीन डीएपीच्या पिशव्यांइतकं स्फुरद. अण्णा बागेला एकरी दोन ट्रॉल्या टाकतात आणि वर डीएपी वेगळं. ट्रॉलीचं स्फुरद कुठल्याच वहीत धरलेलं नाही, कारण ते 'खत' आहे, 'डोस' नाही.

मग दुसरा हिशेब. अण्णांचं शेततळं एक कोटी लिटरचं. पाण्यात लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम स्फुरद झालं की जलाशय शेवाळ-जलपर्णीच्या ताब्यात जातो. त्याची सुरुवात तर 0.035 पासूनच होते. त्या 0.1 ला अण्णांचं अख्खं शेततळं नेऊन पोचवायला किती स्फुरद लागेल? एक किलो. डीएपीची एक पिशवी अशी दहा शेततळी बिघडवते.

अण्णा बराच वेळ शेततळ्याकडे बघत राहिले. "एक किलो," म्हणाले. "आपण इकडं पाच-पाच किलो असंच सांडतो गं."

ढिगाचं काय ते मात्र बोलले नाहीत.

2 जुलै

प्रयोगशाळेचा पहिला कागद आला आणि हादरले. मोरीखाली लिटरमागे 1.2 मिलिग्रॅम! गटाच्या ग्रुपवर आकडा टाकलाही. रात्री झोपताना शंका आली. उठून कागद पुन्हा वाचला. वरच्या रकान्यात 'फॉस्फेट' होतं, 'फॉस्फेटमधला फॉस्फरस' नव्हे. फॉस्फेटचा रेणू 95, त्यातला फॉस्फरस 31. म्हणजे आकड्याला 3.07 नं भागायचं. उरतात 0.39. तेही कमी नाही, पण मी तिप्पट सांगून बसले होते. सकाळी ग्रुपवर माफी मागितली. एकानं लगेच लिहिलं, "ताई, उरलेलं दोन तृतीयांश आम्ही परत घ्यायचं का?" सहन केलं. चूक प्रयोगशाळेची नव्हती. एकक त्यांनी लिहिलेलं होतं, मीच वाचलं नाही.

आता कामाची गोष्ट. प्रत्येक नमुना दोनदा मोजला होता: एकदा 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, आणि एकदा गाळासकट, विरघळवून. मोरीखालच्या गढूळ पाण्यातलं बहुतेक स्फुरद मातीच्या कणांना चिकटलेलं. ढिगाखालच्या कोऱ्या चहात उलटं, जवळजवळ सगळं विरघळलेलं. आणि स्फुरदात ती बोटभर धार यादीतल्या सगळ्या बाटल्यांत पहिली. यंत्राच्या मापात बसवायला प्रयोगशाळेनं ती पातळ करून मोजली.

गाळाबरोबर गेलेलं स्फुरद खाली बसतं, सावकाश सुटतं. विरघळलेलं स्फुरद शेवाळ त्याच दिवशी खातं. डोळ्यांना भीती वाटते गढूळ पाण्याची. मलाही वाटत होती. म्हणून तर मी मोरीवर उभी राहिले आणि भाच्याला वर पाठवलं.

19 जुलै

पंधरवड्यात बरंच झालं, वहीला हात लागला नाही.

ढीग हलला. अण्णा काही बोलले नाहीत, एके दिवशी जेसीबी आला आणि ढीग वरच्या माळावर, ओढ्यापासून दीडशे पावलं लांब गेला. खाली जुनं शेततळ्याचं प्लास्टिक, वर ताडपत्री, भोवती वीतभर बांध. काकू म्हणाल्या, माशाही कमी झाल्या.

गवताच्या पट्ट्यावरून मात्र भांडण झालं. ओढ्याच्या कडेनं दहा फूट मारवेल लावायचं ठरलं होतं, पण बागेच्या टोकाला ट्रॅक्टर वळवायला बारा फूट लागतात. गवत लावलं की पहिल्या फवारणीलाच चाकाखाली. शेवटी वळणाच्या जागेच्या पलीकडे, बांधाच्या उतारावर लावलं, आणि दोघांनी तिथं नेपियर मागितलं, जनावरांना कापायला. हरकत नाही, उलट बरंच. गवत कापून नेलं तर त्याच्यातलं स्फुरद गोठ्यात जातं. तिथंच कुजू दिलं तर पुढच्या पावसात ओढ्यात. आणि गवत अडवतं ते गाळ. कोरा चहा त्याच्यातून आरामात निघून जातो, ही वहीतली माझी मलाच सूचना.

11 ऑगस्ट

लोखंडाचा प्रयोग. गंजलेलं लोखंड फॉस्फेटला धरून ठेवतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी वाळूत वजनाच्या 5 टक्क्यांच्या आसपास लोखंडाचा बुरादा मिसळून पावसाच्या पाण्यातलं विरघळलेलं फॉस्फेट चांगलं उतरवलंय. नाशिकमध्ये बुराद्याला काय तोटा! अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून गोणीभर आणला तर सगळा तेलानं माखलेला. पाण्यावर इंद्रधनुष्य. दुसऱ्या वर्कशॉपच्या मिस्त्रीकाकांनी अक्कल दिली: "पोलादाचा नका घेऊ, बीडाचा, ओतीव लोखंडाचा घ्या. बीड कोरडंच कापतात." खरंच, हाताला नुसती काळी पूड, तेलाचा थेंब नाही.

दोनशे लिटरच्या ड्रममध्ये वाळू आणि बुरादा भरून एका बागेच्या चरीच्या तोंडाशी ठेवला. पहिल्या पावसात छान. दुसऱ्या पावसात गाळानं तोंड बंद, पाणी ड्रमला वळसा घालून ओढ्यात. आधी गाळ बसायला खड्डा हवा होता, हे आता कळतंय. खड्डा खणला, वाळूचा वरचा थर खरवडून काढला. तरी माझं मत झालंय: हे काम एखाद्या ठरावीक घाणीच्या तोंडाशी ठीक, दर बांधावर ड्रम ठेवत बसणं जमायचं नाही.

5 सप्टेंबर

सहा विहिरींचे रिपोर्ट. पाचांत नगण्य. सहावी अण्णांचीच, जुन्या ढिगाच्या खालच्या अंगाला तीस पावलांवर. तिच्यात ओढ्याच्या तोडीचं स्फुरद. तिथं वरची माती जेमतेम दोन फूट, खाली मुरूम, मग फुटका काळा पाषाण. दोन फूट मातीला जेवढं धरता येत होतं तेवढं भरलं, पुढचं खाली गेलं.

अण्णांनी विचारलं, "प्यायला चालेल का?" स्फुरदापुरतं बोलायचं तर हो, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फॉस्फेटला मर्यादाच नाही. पण जिथून हे उतरलं तिथून नायट्रेटही उतरलं असणार, आणि त्याला लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ते तपासलं. ओलांडलेली. घरात सून सात महिन्यांची गरोदर. त्याच दिवशी प्यायचं पाणी वरच्या विहिरीवरून सुरू केलं.

हिवाळ्यात ओढा वाहतो तो याच झऱ्यांवर. म्हणजे ढीग जागेवरून उठला तरी त्याचं देणं जमिनीखालून काही काळ चालूच राहणार. दर महिन्याला या विहिरीची एक बाटली.

29 सप्टेंबर

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. तात्यांनी एका एकरात बेसलचं डीएपी पूर्ण बंद केलं, दोन एकरांत निम्मं. स्फुरद द्यायचंच तर ड्रिपमधून, मुळाशी, देठाचा रिपोर्ट बघून थोडं थोडं. "एक एकर तुझा, दोन माझे," म्हणाले. दुकानात त्यावरून कुरबूर झाली. उधारी छाटणीपासून माल निघेपर्यंत तिथंच चालते, त्यामुळे पिशवी नको म्हणणं सोपं नसतं. पण सरकारी भावानं 1350 रुपयांची डीएपीची पिशवी, आणि ती मागायला गेलं की सोबत नको असलेली दोन उत्पादनं गळ्यात. तात्या म्हणाले, यंदा नकोच असल्यामुळे पहिल्यांदा ताठ मानेनं दुकानातून बाहेर आलो.

24 ऑक्टोबर

अवकाळी. फुटव्यावर डाऊनी (केवडा रोग) येईल म्हणून सगळे पंप घेऊन रात्रभर बागेत, त्यामुळे नमुन्यांना माणूस नाही. मी एकटीनं तीन जागा केल्या. मोरीखालचं पाणी अजूनही गढूळ, नळीत 9 सेंटिमीटर. जूनशी तुलना करायची नाही. पाऊस वेगळा, रान वेगळं. जुन्या ढिगाच्या जागी जमीन काळी पडलीय आणि तिथं तांदुळजा छातीएवढा वाढलाय. अण्णांना सांगितलं, उपटून गुरांना नको, नायट्रेट असेल. माळावरच्या ढिगात टाका.

21 नोव्हेंबर

सत्तरपैकी सहा बाटल्या शिल्लक. विहिरीचा आकडा सप्टेंबरपेक्षा थोडा खाली, पण एवढ्यात काही म्हणणार नाही. पावसानं पाणी वाढलं तरी आकडा उतरतो.

तात्यांच्या 'माझ्या' एकरातला देठाचा रिपोर्ट आला. स्फुरद बाकीच्या दोन एकरांइतकंच. जस्त किंचित बरं. तात्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या कोणाला दाखवू नको म्हणाले. माल निघेपर्यंत.

लिहीत होते तेवढ्यात अण्णांचा फोन. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"पोरी, कोंबडखताची ट्रॉली आलीय. माळावरची जागा भरली. ड्रायव्हर घाई करतोय. कुठं खाली करू, बोल लवकर."

निघाले.